मारुतीराया आत, दिपाली बाहेर

मी एक फॉर्म आहे. माझी घडी घालता येत नाही, माझ्यावर चहाचा डाग पडत नाही, आणि मला कुणी पुडी बांधायलाही वापरू शकत नाही. मी मोबाइलच्या काचेआड राहतो. माझ्या अंगावर नाव, गाव, तालीम, वजन आणि मोबाइल नंबर असे रकाने आहेत, आणि खाली एक निळं बटण आहे. त्यावर 'पाठवा' असं लिहिलं आहे.

माझा जन्म नेवासा तालुक्यात, घोडेगावच्या पलीकडच्या एका गावात झाला. चैत्रात तिथं यात्रा भरते आणि दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हगामा होतो. पूर्वी पैलवान आयत्या वेळी यायचे, मग जोड लावताना अर्धा दिवस वादात जायचा. म्हणून यात्रा कमिटीनं ठरवलं, की नावं आधीच गावाच्या वेबसाइटवर घ्यायची. झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या पूजाताईंनी मला एका दुपारी तयार केलं.

मी तेव्हा फार भोळा होतो. कुणीही आलं की आत घ्यायचो. जगभर काही यंत्रं उघडे फॉर्म शोधत हिंडत असतात, हे मला माहीत नव्हतं. त्यांना माझा वजनाचा रकाना फार आवडला. त्यात ती वजन कमी करायच्या गोळ्यांची जाहिरात भरू लागली. नावाच्या रकान्यात काय वाटेल ते असायचं. या नको असलेल्या पाहुण्यांना स्पॅम म्हणतात.

कमिटीनं ती सगळी यादी छापली आणि तशाच जोड्या लावल्या. मग हगाम्याच्या दिवशी भोंग्यावरून पुकारा झाला, "घरबसल्या कमवा... घरबसल्या कमवा कुठं हाय? मैदानात या." समोरचा पैलवान शड्डू ठोकून थकला. "कुठल्या तालमीचा हाय ह्यो?" लोक एकमेकांना विचारत होते. शेवटी घरबसल्या कमवा घरीच बसला असेल असं समजून समोरच्याला पुढं चाल दिली.

यंदा नगरच्या आदिनाथनी मला कुलूप लावलं. आमच्या गावाची वेबसाइट त्यांनीच बांधली आहे, आणि त्यांच्याकडे अशा पुष्कळ वेबसाइट आहेत. त्यांनी सगळ्यांना एकच कुलूप लावलं. फॉर्म भरणाऱ्याला चित्रं दाखवायची आणि त्यातली नेमकी ओळखायला लावायची.

यंदाच पूजाताईंनी माझ्यात मुलींच्या कुस्तीची सोय केली होती. कमिटीचे अध्यक्ष श्रीमंतअण्णा म्हणाले होते, "फॉर्म आले तर लावू जोड. न्हाई आले तर पुन्हा ह्यो विषय काढायचा न्हाई."

गावातली दिपाली लहानपणापासून गहिनीनाथ वस्तादांच्या तालमीत घुमते. ती बाहेरगावी कुस्त्या खेळून आली आहे, पण आपल्या गावच्या मैदानात तिला कधी उतरू दिलेलं नाही. त्यामुळे मी उघडलो त्याच दिवशी वस्ताद आणि ती मोबाइल घेऊन माझ्यासमोर बसली.

"हे लाल काय हाय गं?" वस्तादांनी चित्र डोळ्यांजवळ नेलं.

"आग विझवायचा नळ म्हणत्यात, वस्ताद."

"आग लागल्यावर आपन हिरीवर पळतो. नळ कुठनं आला?"

पुढच्या चित्रात मोटरसायकल होती. दिपालीनं विचारलं, "हिचं चाक शेजारच्या चौकटीत गेलंय. ते धरायचं का?"

"शेजाऱ्याच्या रानात गेलं म्हनून चाक त्याचं व्हतंय का? धर."

मला दोघांचं म्हणणं पटत होतं, पण कुलूप माझ्या हातात नव्हतं. ते सारखं 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणत राहिलं.

पूजाताईंनी आदिनाथना फोन केला. "दादा, तुमच्या कुलपानं आमचे पैलवान बाहेर राहिलेत."

"ताई, एकट्या तुमच्यासाठी कसं काढू? सगळ्यांना तेच आहे."

ताई रोज फोन करत राहिल्या. मग एक दिवस आदिनाथच मोकळ्या आवाजात म्हणाले, "नवीन सोय आलीय. आता ज्याचा फॉर्म त्यानंच कुलूप ठरवायचं. लावायचं का नाही, तेसुद्धा. आता मला फोन करायचं कारण नाही." ताईंपेक्षा त्यांनाच जास्त आनंद झाल्यासारखा वाटला.

ताईंनी चित्रं काढून टाकली. त्याऐवजी नियम लावला, की एका मोबाइल नंबरवरून एकच नाव घ्यायचं, बाकीची स्पॅमच्या पेटीत टाकायची. नियम मला सोपा वाटला. मी कामाला लागलो.

पण तालमीची रीत ना मला माहीत होती, ना ताईंच्या ध्यानात आली. शिष्य वस्तादाचा असतो, म्हणून नंबरही वस्तादाचाच द्यायचा. शिवाय, "पोरींचे नंबर गावभर कशाला फिरवायचे?" असं वस्तादांचं मत होतं. आणि तालमीत कुठल्याही कामात पहिलं नाव मारुतीरायाचं. म्हणून त्यांनी पहिला फॉर्म मारुतीरायाचाच भरायला लावला.

"वजन काय टाकू?" दिपालीनं विचारलं.

"डोंगरासकट का बिगरडोंगराचं?" वस्ताद विचारात पडले. शेवटी तिनं शून्य टाकलं, कारण रिकामा रकाना मी पुढे जाऊ देत नाही.

मारुतीराया आत आले. मागून आलेली सगळी तालीम, दिपालीसुद्धा, मी पेटीत टाकली. तेव्हा मला स्वतःच्या कामाचा अभिमान वाटत होता.

मुलींची नावं घ्यायच्या शेवटच्या दिवशी श्रीमंतअण्णा दुकानात आले. यादीत एकच मुलगी होती, राहात्याची मोनिका. अण्णा म्हणाले, "एकटी पोरगी कुनाशी लढनार? मिटला विषय."

तेवढ्यात वस्ताद आणि दिपाली आत आली. "आमी भरलाय की फॉर्म," वस्ताद म्हणाले.

"यादीत कुठं हाय?"

दिपाली नुसती काचेकडे, म्हणजे माझ्याकडे, बघत राहिली. मला तिच्या नजरेला नजर देता येईना.

ताईंनी पेटी उघडली. आधी ती फक्त आदिनाथना उघडता यायची. आत कर्जाच्या आणि गोळ्यांच्या जाहिरातींमध्ये सगळी तालीम ओळीनं पडली होती, आणि त्यात दिपाली होती.

"टाकलेलं उचलायचं न्हाई," अण्णा म्हणाले. "एका नंबरावर एकच नाव, ह्यो नियम तुमीच लावला ना?"

"लावला. चुकला माझा."

"आता चुकला कसा? गहिनीनाथच्या नंबरावरचं जे पहिलं नाव हाय, तेच धरायचं."

ताईंनी काच त्यांच्याकडे वळवली. "पहिलं मारुतीरायाचं आहे. धरते. पण मग त्यांच्यासमोर कुणाला उभं करू, अण्णा? तुम्हाला?"

अण्णांनी दोन्ही कानांना हात लावले. मग टोपी सारखी करत म्हणाले, "पोरीचं घ्या आत."

ताईंनी दिपालीसकट सगळ्या तालमीसाठी 'हे स्पॅम नाही' या बटणावर बोट ठेवलं. मग तो नियम काढला आणि स्वतःचा एक प्रश्न घातला, 'तुमचे वस्ताद कोण?' यंत्रं तिथंही गोळ्यांचीच नावं लिहायची आणि पकडली जायची. तरी ताई रोज पेटी उघडायच्या आणि ज्वारी निवडावी तशी नावं निवडायच्या. मारुतीरायाला यादीतून काढायची हिंमत कुणाला झाली नाही. त्यांचं नाव सगळ्यात वर, जोडीशिवाय, छापलं गेलं.

हगामा मी भोंग्यावरून ऐकला. दिपालीचं नाव पुकारलं आणि हलगी वाजायला लागली ती थांबेचना. शेवटी मोनिकानं तिला चितपट केलं.

नंतर दिपाली आणि वस्ताद दुकानासमोरून गेली. तिचे केस मातीनं भरले होते.

"पडले मी," ती म्हणाली.

"पडली ना? पन आपल्या गावच्या मातीत पडली."

आता मी बंद आहे. 'हा फॉर्म सध्या उत्तरं स्वीकारत नाही' एवढीच ओळ माझ्यावर दिसते. तरी हगाम्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दिपालीनं मला उघडलं. मग शेजारच्या गावांतल्या, मला अनोळखी मुली येऊ लागल्या. त्या ती ओळ वाचतात, थोडा वेळ थांबतात आणि परत जातात.

पूजाताई, चाव्या तुमच्याकडे आहेत. पुढच्या वर्षी मला जरा लवकर उघडा.