सहा मिलिमीटर

दाराच्या चौकटीवरची नवी रेघ जुन्या रेघेच्या सहा मिलिमीटर खाली आली. मी सुतारी गुण्या, काटकोन मोजायची ती पट्टी, पुन्हा लेकीच्या, मुंगीच्या डोक्यावर टेकवला. रेघ तिथेच. नऊ वर्षांची मुलगी सहा महिन्यांत वाढली नाही, तर समजू शकते. ही कमी झाली होती.

"मोजताना चुकलीस," नवरा म्हणाला.

"जुनी रेघ तुझी आहे."

तो सुतार. आपली रेघ चुकत नाही, हे तोच चारचौघांत सांगतो. "मग चौकट फुगली असेल."

"लाकूड उभ्या अंगानं फुगत नाही, हे तूच शिकवलंस."

त्यानं चहाचा कप उचलला. तो रिकामा होता.

दोन वर्षांपूर्वी रक्ताच्या आजारासाठी मुंगीला तिच्या भावाची अस्थिमज्जा दिली. रक्त सुधारलं, पण सोबतच्या स्टेरॉइडनं हाडं पोखरली असावीत, पाठीचे मणके खचू शकतात, अशी डॉक्टरणीला शंका होती. औषध बंद केलं त्याच दिवशी तिनं हाडांच्या तपासणीची चिठ्ठी दिली आणि त्याच दिवशी ह्यानं लेकीला शब्द दिला, "सुया संपल्या. हॉस्पिटल संपलं." मीही मान डोलावली. चिठ्ठी तीन महिने कपाटात आहे. कामावर, प्रयोगशाळेत, पाण्याच्या एका नमुन्याचा अहवाल मी इतके दिवस दाबला असता, तर नोकरी गेली असती.

पंधरा दिवसांपूर्वी मुंगी म्हणाली, पाठ दुखते. सासूबाई म्हणाल्या, "लाडावलीय. आजारपणाची चटक लागलीय." तेव्हापासून ती दुखतं म्हणत नाही. भिंतीला धरून उठते.

"आता काय सांगू तिला?" नवरा हळू आवाजात म्हणाला. "बाप खोटारडा आहे म्हणून?"

"बाबा, मी ताठ उभी नव्हते," मुंगी मध्येच म्हणाली. "परत मोजा ना."

तिनं मान ताणली, टाचा किंचित उचलल्या. ओठ आत ओढून घट्ट मिटले. श्वास रोखून ती बापाकडे हसून बघत होती.

"बघ," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "भरली ना उंची."

मी तिच्या खांद्यांवर हात ठेवून टाचा खाली टेकवल्या.

"मुंगे, आज शाळा नाही. हॉस्पिटलला जायचंय, पाठीचा फोटो काढायला. सुईही लागेल कदाचित. बाबांनी दिलेला शब्द मी मोडतेय."