माशाच्या तेलातलं इंजिन

ही गोष्ट दोन हजार तेवीसच्या उन्हाळ्यातली. त्या वर्षी तलाव लवकर आटला आणि मच्छीमार संस्थेने जाळं टाकायचा दिवस अलीकडे ओढला. पवनी तालुक्यातल्या त्या गावात ढिवर मच्छीमारांची घरं मोजकीच, त्यांतलं एक घनश्यामचं.

त्याच्या अंगणात, पत्र्याच्या मांडवाखाली, मुलाची जुनी पांढरी व्हॅन विटांवर उभी होती. प्रितम मस्कतच्या हॉटेलात दोन वर्षांच्या कामावर गेला, तेव्हा जाताजाता म्हणाला होता, "बाबा, गाडी संभाळजा." बस, एवढंच. घनश्यामने ते असं धरून ठेवलं की त्याच्या बायकोला, रुखमिणीला, त्या गाडीचा वीट आला.

सुरुवात बरी होती. कोंढ्याच्या भुपेंद्र मिस्त्रीला विचारून त्याने सगळं रीतसर केलं. आत गंज चढू नये म्हणून टाकी काठोकाठ भरली. जुनं ऑइल काढून नवं घातलं. प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल सोडलं आणि इंजिन हाताने फिरवून घेतलं. सायलेन्सरच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबला. बॅटरी काढून घरात आणली, ती नेमकी रुखमिणीच्या तांदळाच्या पिंपाशेजारी पाटावर. पण एवढ्यावर थांबला तर तो घनश्याम कसला!

"डोंग्याच्या खिळ्यायले आमचा बुढा मासोळीचं तेल लावे. कधी गंज नाही चढला," असा वडिलांच्या नावेचा दाखला देत त्याने कतला माशाची चरबी कढवली आणि ते तेल फडक्याने इंजिनाला बाहेरून सगळीकडे चोपडलं. वर बोनेटमध्ये जुनी जाळी पांघरली.

"अवो, किती वास मारून राहिला!" रुखमिणी म्हणाली. "मांजरी घुमून राहिल्या गाडीभोवती."

"घुमू दे. मांजर काय इंजन खाते?"

"मांजर नाही खात. पन ते काहून येते, हे तं पाहा."

"तुले इंजनातलं काय समजते, प्रितमची माय?"

"आन् तुमाले लय समजते! सायकलवरूनबी पडता तुमी."

सून कामिनी पवनीला गाडी शिकून आली होती, लायसनही हातात होतं. ती पंधरा दिवसांनी एकदा विचारायची, "मामाजी, फाट्यावरून एक चक्कर मारून आणतो नं."

"प्रितम आला का चालवंल. त्याची अमानत हाय."

रुखमिणीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिची उमेदीची वर्षं मासळीच्या टोपल्याखाली गेली होती. लग्न होऊन आली तेव्हा कोंढ्याच्या बाजाराला पायी जावं लागे. मासळीचं पाणी मानेवरून पाठीत उतरायचं. पुढे जीपगाड्या आल्या, तर "मासोळीवाल्या बाया मागं लटका" म्हणून ड्रायव्हर ओरडायचा. निदान सुनेने तरी तसं लटकू नये, एवढीच तिची इच्छा होती. लाखनीच्या हायवेवरचे ढाबेवाले मरळ आणि रोहू थेट घ्यायला तयार होते. कामिनीने फोनवर पक्कं करून ठेवलं होतं. गाडी तेवढी अडली होती.

शेवटी रुखमिणी म्हणाली, "तलावाच्या दिवशी गाडी नाही निघाली, तं मी मासोळी निवडाले येत नाही. तुमी जाना न तुमचं जाळं जाना." तेव्हा घनश्याम वाकला. पण आदल्या दिवशी गाडी चालू करून पाहू म्हटलं, तर त्याचं एकच, "आज काहून खोलता? धूळ बसंल."

जाळं ओढलं गेलं. इतकी मासळी त्या तलावाने कित्येक वर्षांत दिली नव्हती. घरचा वाटा बर्फाच्या पेट्यांत भरून कामिनी अंगणात तयार. भुपेंद्रने विटा काढल्या, बोळा उपसला, बॅटरी जोडली. कामिनीने किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. काही नाही.

भुपेंद्रने बोनेट उघडून जाळी ओढली, तसे तीन-चार उंदीर घनश्यामच्या पायांवरून पळाले. खाली भाताच्या तणसाचं भलं मोठं घरटं होतं. तेलाच्या वासाने आलेले उंदीर तेल चाटून झाल्यावर तारांना लागले होते. एकही तार धड नव्हती.

भुपेंद्रने पट्टा धरून इंजिन हाताने फिरवलं. लोण्यासारखं फिरलं. "काका, इंजन तं एक नंबर हाय. गंजाचा ठिपका नाही."

"पाह्य!" घनश्याम बायकोकडे वळला. "सांगतलं होतं नं मी?"

रुखमिणी तिथेच विटेवर बसली. "मंग त्या इंजनाचीच भाजी करतो आज," ती म्हणाली. "लाखनीले काय खांद्यावर नेता का आता त्याले?"

"तारा आजच्या आज होत नाही, काकू," भुपेंद्र हळूच म्हणाला.

उन्हं चढली, बर्फ वितळला. तलावाच्या पाळीवर, बांधावर बसलेल्या व्यापाऱ्याने सगळी मासळी आपल्याच पडेल भावात उचलली. कामिनीने पेट्या धुऊन पालथ्या घातल्या. ते बघून रुखमिणीने फोन लावला आणि नवऱ्याच्या कानाला धरला. "विचारा तुमच्या पोराले."

सगळं ऐकून प्रितम म्हणाला, "बाबा, मी संभाळजा म्हणलं होतं. कामिनीले नोको देजा, असं कधी म्हणलं?"

घनश्यामने गाडीतली किल्ली काढून सुनेच्या हातात दिली आणि जाळं धुवायच्या निमित्ताने तलावावर निघून गेला.

भुपेंद्रने तारा नव्या घातल्या. आता त्याचं दुकान पवनीला आहे. कामिनी त्या पावसाळ्यापासून लाखनीला जाऊ लागली. सध्या गावातल्या आणखी दोघींची मासळीही तिच्याच गाडीतून जाते. प्रितम परत आला, पण हायवेवरच्या एका ढाब्यात स्वयंपाकाला लागला. गाडी त्याने मागितली नाही. घनश्याम मागच्या हिवाळ्यात गेला. इंजिन माझ्यामुळे टिकलं, हे तो आल्यागेल्याला शेवटपर्यंत सांगायचा. रुखमिणी एकदाच लाखनीपर्यंत गेली. व्हॅनमध्ये तिला मळमळतं.