टोपीखालचा लाल ठिपका

मित्रांनो, पंक्तीत वाढताना कुणाच्याही ताटात झुकतं माप न टाकणारा या जगात फक्त मीच उरलो आहे. ज्याचं त्याला, ज्याच्या त्याच्या पाळीला. भल्याभल्या राजांना हे जमलं नाही. मी एक जुना डिस्ट्रिब्युटर आहे. जीपच्या इंजिनातल्या चार सिलिंडरना पेट्रोल पेटवायला करंट लागतो, तो वाटायचं काम माझं. उंची तांब्याएवढी, डोक्यावर काळी टोपी, टोपीतून निघालेल्या जाड वायरी. नवखा माणूस बोनेट उघडतो आणि विचारतो, "हे खेकड्यावानी काय हो?"

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला असं सांगतात. सांगतात म्हणून लिहितो. अंगावरचा शिक्का पुसट आहे आणि सांगणारा भंगारवाला होता. तरुणपणी मी सरकारी जीपमध्ये होतो. साहेब तलावाची पाहणी करायला निघत आणि ढाब्याची पाहणी करून परत येत. पुढे ती जीप लिलावात निघाली आणि मुरुम गावाजवळ राहणाऱ्या बब्रुवानांच्या दारात आली. तिथे मी ज्वारीची पोती ओढली, पाहुणे ओढले, एकदा तर रुसलेला जावई ओढून परत आणला. गाडी चटकन चालू झाली की कौतुक बॅटरीचं. बंद पडली की चापट माझ्या टोपीवर. मी कुणाला काही म्हटलं नाही. लक्षात मात्र ठेवलं.

यंदा इंजिन काळा धूर ओकू लागलं. त्याच सुमारास बब्रुवानांची नात वैष्णवी पोलीस भरतीत निवडली गेली. गावानं मिरवणूक ठरवली. ती लहान असताना बब्रुवान तिला जीपच्या बोनेटवर बसवून म्हणायचे, "मोठी झालीस की याच्यातूनच गावभर फिरवतो." आता व्यंकट नावाच्या भावकीतल्या माणसानं नवा ट्रॅक्टर पुढे केला होता. जीप वेळेत उभी राहिली नाही, तर नात व्यंकटच्या ट्रॅक्टरवर बसणार होती. बब्रुवानांना जेवण जाईना.

जीप मुरुमला महांतप्पा मिस्त्रीच्या गॅरेजात नेली. पण गॅरेजवाले चांगले पार्ट काढून भंगार घालतात, अशी बब्रुवानांची पक्की समजूत. म्हणून निघण्याआधी त्यांनी वैष्णवीची लाल नेलपॉलिश घेतली आणि पार्टापार्टावर गुपचूप ठिपके दिले. माझी टोपी काढून तिच्याखालच्या माझ्या काठावरही एक दिला. मला शंका आली होती. पण ठिपका लावून घेणाऱ्याला कोण विचारतं?

गॅरेजात बब्रुवान प्लॅस्टिकची खुर्ची टाकून इंजिनाच्या तोंडाशीच बसले. चहा निवला, तरी डोळा हलवला नाही. महांतप्पानं मला बाहेर काढण्याआधी माझ्या काठावर खडूनं रेघ मारली. माझ्या पोटात फिरणाऱ्या रोटरचं तोंड कुठे होतं, ते परत बसवताना कळावं म्हणून. मग मला रॉकेलनं धुतलं. खडू गेला. नेलपॉलिश राहिली.

इंजिनाचं काम उरकलं. मला परत बसवताना महांतप्पानं काठ पाहिला, लाल ठिपका दिसला, आणि ही खूण आपणच रंगानं केली असेल असं समजून रोटर तिच्यासमोर आणून बोल्ट आवळला. मी बोंबलत होतो, "अरे, एक नंबरचा करंट भलत्याच्या ताटात पडायलाय!" पण आमची बोंब करंटशिवाय ऐकू जात नाही.

सेल्फ मारला. फाट्‌! कार्बोरेटरमधून वीतभर जाळ आला आणि बब्रुवानांच्या मिशीचं एक टोक घेऊन गेला.

"रोटर बदललास न्हवं?" बब्रुवान उठले.

"तुमचा रोटर घेऊन काय लोणचं घालू, अण्णा?" महांतप्पा तापला. "तुमीच कायतरी हात लावलाव. दिवसभर मांजरावानी टपून बसलाव!"

तेवढ्यात वैष्णवी स्कूटीवर आली. "आबा, हलगीवाले येऊन बसलेत. व्यंकटकाका ट्रॅक्टरला फुलं बांधायलेत."

"बांधू दे," महांतप्पा म्हणाला. "माझं काम चोख हाय. माझ्या खुणेवर बसवलंय, ही बघा." त्यानं माझी टोपी उचलली.

बब्रुवानांनी ठिपका पाहिला. मित्रांनो, त्या वेळी त्यांच्या कपाळावर आलेला घाम मी जवळून पाहिला आहे. खरं सांगावं, तर जन्मभराच्या मिस्त्रीवर संशय घेतल्याचं उघड होणार. गप्प बसावं, तर ट्रॅक्टर.

"समज, ही खूण तुझी नसंल तर?" ते हळूच म्हणाले.

"मग कुणाची?"

"वैष्णवीची."

"माझी?" वैष्णवी ओरडली.

"नेलपॉलिश तुझी. हात माझा."

महांतप्पानं सावकाश हात पुसले. "आणि कुठंकुठं लावलंय?"

"कार्बोरेटरला. डायनामोला." बब्रुवानांनी जळकी मिशी चाचपली. "जॅकला."

"जॅक? आवो, जॅक माझा हाय! दिवाळीत मागून न्हेला, तो अजून दिला न्हाय. आन् मलाच चोर ठरवताव? मुरुमात दुसरा मिस्त्री बघा!"

बब्रुवानांनी खुर्ची उचलली, लांब नेली आणि रस्त्याकडे तोंड करून बसले. गॅरेजकडे पाठ केलेले बब्रुवान मी पहिल्यांदाच पाहिले.

महांतप्पानंही ती पाठ पाहिली. वैष्णवी बाह्या वर सारत म्हणाली, "काका, मला ट्रॅक्टरवर न्हाय बसायचं. काय करू सांगा."

"अंगठा दे," तो गुरगुरला.

त्यानं एक नंबरचा प्लग काढला, त्या भोकावर तिचा अंगठा ठेवला आणि इंजिनाचं हॅण्डल हळूहळू फिरवलं. "दाबलं! अंगठा उडवतंय!" ती म्हणाली. म्हणजे पिस्टन दाब घेऊन वर येत होता. पुलीवरची खूण जुळताच तो थांबला. मला उपसलं. खाली बसताना माझा दांडा किंचित वळतो, ही माझी खोड ओळखून त्यानं रोटर आधीच जरा मागे धरला आणि मला सोडलं. रोटरचं तोंड बरोबर एक नंबरच्या वायरीसमोर आलं. प्लग आणि टोपी परत बसवून सेल्फ मारताच इंजिन धडधडलं. मग मला हातानं केसभर पुढे, केसभर मागे फिरवत त्यानं आवाज ऐकला आणि सूर लागताच बोल्ट आवळला.

मिरवणूक जीपमधूनच निघाली. गाडी महांतप्पानं चालवली, कारण बब्रुवानांच्या हातावर त्याचा विश्वास नव्हता. बब्रुवान शेजारी बसले, कारण त्यांचाही नव्हता. मागे उभी राहिलेली वैष्णवी मात्र दोघांच्याही खांद्याला धरून होती, आणि आबांची अर्धी मिशी गावभर ताठ होती.

तेव्हा मित्रांनो, यंत्रांची निगा राखा, ती बसवणाऱ्या हातांवर भरवसा ठेवा, आणि संशयाचे ठिपके कुणाच्याही काठावर लावू नका. मला सत्कार नको, हार नको. फक्त त्या दिवशीचा गुलाल टोपीच्या आत गेला आहे, तेवढं कुणीतरी कोरडं फडकं फिरवा. फडकं घरून आणा. गॅरेजातल्या फडक्यांचं काही सांगता येत नाही.