मार्गदर्शकाची खुर्ची

या, आत या. बसायला जागा मात्र माझ्याकडे मागू नका. माझ्यावर सध्या मुख्याध्यापकांच्या फायली बसल्यात आणि त्यांना उठायची घाई नाही. मी खुर्ची बोलतेय. खुर्चीला सगळं ऐकू येतं, फक्त विचारत कोणी नाही.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. आम्ही चारशे बहिणी, सगळ्या परदेशी जाणार होतो. काय तो थाट! आमच्यातल्या एकीवर यंत्राने पन्नास हजार वेळा वजन आपटून पाहिलं, मोडते का म्हणून. नवीन खुर्चीची एवढी काळजी.

पण आमचे पाय कापणाऱ्या माणसाला मापांचा नवा आराखडा वाचता आला नाही. विचारायची लाज वाटली, म्हणून त्याने जुन्याच मापाने कापले. चारशेच्या चारशे दोन बोटं बुटक्या! माल परत आला, गिऱ्हाईक दुसऱ्या देशाकडे गेलं आणि त्या बिचाऱ्याला घरी पाठवलं. तो कारखान्यामागच्या वस्तीतल्या शाळेत शिकलेला. चार वर्षांत सात शिक्षक पाहिलेला. वाचायला शिकवणार कोण, आणि कधी?

मालक हुशार. आमच्यातल्या काहीजणी त्याच शाळेला दान केल्या. वर भाषण ठोकलं, "जगाच्या बाजारात टिकायचं तर कुशल हात हवेत!" टाळ्या पडल्या. ज्याचे हात घरी बसवले, तो फाटकाबाहेर उभा राहून ऐकत होता. मालकाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

माझ्या पाठीवर कागद चिकटला, 'मार्गदर्शक'. शाळेत नव्याने लागलेल्या शिक्षकाला वर्षभर आधार द्यायची योजना होती. मार्गदर्शक साहेबांनी आठवड्यातून एकदा मागे बसून तास बघायचा, चुकलेलं समजावायचं आणि वर्षाअखेरीस नव्या शिक्षकाने सही करायची की हो, बसले होते. मग नोकरी पक्की. कागदावर किती गोड!

साहेब पहिल्या दिवशी आले. माझ्यावर बॅग ठेवली, फोटो काढून घेतला, नव्या बाईंना म्हणाले, "घाबरायचं नाही हं. काही लागलं तर फोन करा." आणि गेले. फोन त्यांनी कधी उचलला नाही.

बाई तेवीस वर्षांच्या. समोर चौपन्न पोरं. पहिल्या महिन्यात आवाज बसला. दुसऱ्या महिन्यात मधल्या सुट्टीत फळ्याकडे तोंड करून रडल्या. मी मागून सगळं बघत होते, पण खुर्चीने काय करावं?

केलं ते झाडू मारणाऱ्या मावशींनी. त्यांचे गुडघे दुखायचे. मी बुटकी, त्यांचे पाय नीट टेकायचे, म्हणून तास चालू असताना माझ्यावर येऊन टेकायच्या. तास संपला की सुरू.

"बाई, त्या निळ्या शर्टवाल्याला कशाला ओरडता? त्याला फळाच दिसत नाही. पुढे घ्या."

"तुम्हाला कसं कळलं, मावशी?"

"अहो, वही नाकाला लावतो ना! आणि ती दोन वेण्यांची रोज उशिरा येते, तर तिची आई पहाटे कामाला जाते. धाकट्याला भरवून येते पोर. तिला उभं करू नका."

बाईंनी निळ्या शर्टाला पुढे घेतलं. दोन वेण्यांना उभं करणं थांबवलं. हळूहळू वर्ग ऐकायला लागला. राजीनाम्याचा अर्ज पर्समध्ये घडी होऊन पडला होता, तो बाईंनी एका मुलीला मागच्या कोऱ्या बाजूवर गणितं करायला दिला.

वर्षाअखेरीस साहेब उगवले. फॉर्म तयार. चाळीस भेटी, चाळीसच्या चाळीस एकाच पेनाने भरलेल्या. त्यातल्या तीन तर शाळेला सुट्टी होती त्या दिवसांच्या! माणसाने खोटं बोलावं, पण भिंतीवरचं कॅलेंडर तरी बघावं.

"सही करा बाई. सगळेच करतात."

"साहेब, तुम्ही एकदाच आलात."

"मग राहा कच्च्या! माझं काय जातंय?"

बाईंनी पेन घेतलं. मार्गदर्शकाच्या रकान्यातलं साहेबांचं नाव खोडलं आणि मावशींचं लिहिलं. हुद्दा, शिपाई. मग सही केली.

साहेब लालबुंद. मावशी त्याहून. "अगं वेडी का खुळी तू? एक सही करायला काय झालं होतं? नोकरी घालवशील!"

"मावशी, पुढच्या वर्षी जी नवी येईल, तिलाही हेच साहेब मिळतील."

नोकरी गेली नाही, पण पक्कीही झाली नाही. आणखी एक वर्ष कच्ची. साहेबांना बढती मिळाली. आता ते जिल्हाभर 'नवशिक्षकांना आधार' या विषयावर बोलतात म्हणे. ऐकून माझे खिळे सैल होतात.

पण एक गंमत त्यांच्या ध्यानात आली नाही. इथे लागलेला प्रत्येकजण नोकरी पक्की होताच चांगल्या शाळेत बदली मागून पळतो. कच्च्याला बदली मागता येत नाही. म्हणून या वस्तीत पहिल्यांदाच, दुसऱ्या वर्षीही पोरांना तीच बाई मिळाली.

शिक्षा झाली ती मला. शिपायाने बसायची खुर्ची नाही, असं ठरलं आणि मी ऑफिसात आले. शेजारच्या वर्गात बाई हजेरी घेतात, ती भिंतीतून ऐकू येते. मावशी दाराला टेकून उभ्या असतात, तेही कळतं, कारण मधूनमधून "आई गं" ऐकू येतं.

तुम्ही आलाच आहात, तर एवढं करा. या फायली खाली जमिनीवर ठेवा, त्यांचे गुडघे दुखत नाहीत. आणि मला उचलून तिकडे नेऊन द्या.