पिवळ्या वलयातला माऊस

मित्रांनो, मी एक जुना माऊस आहे, वायरवाला. सुरतेच्या नवागाममध्ये प्रमिलाबाईंच्या घरी, साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर माझा मुक्काम असतो. वीतभर जागेत मी इतका चाललो आहे, की सरळ रस्त्याने निघालो असतो तर यांच्या गावी, अमळनेरला जेवून, ढेकर देऊन परत आलो असतो. खोटं बोलत असेन तर माझी वायर तुटो.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. पोटाखालचा लाल दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा मी एका कापडदलालाच्या ऑफिसात होतो. तिथे मला फार काम! मालक दिवसभर माझ्या मदतीने पत्ते खेळत. मग त्यांनी नवा माऊस घेतला आणि मी एका थकलेल्या कॉम्प्युटरबरोबर जुन्या बाजारात जाऊन पडलो. ऊन, धूळ, कोणी ढुंकून पाहीना. तिथून आम्हा दोघांना धनश्रीने उचललं. तिचे उपकार मी विसरायचो नाही.

धनश्री ही प्रमिलाबाईंची सून. तिचा नवरा वाल्मिक लूमवर, म्हणजे कापड विणायच्या यंत्रमागावर, होता आणि लूमच्या खडखडाटाने त्याचे कान निम्मे गेले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, लूम सोडा, नाहीतर उरलंसुरलंही जाईल. पण सोडून करायचं काय? पर्वत पाटियाच्या एका शेठना कॉम्प्युटरवर साडीची डिझाइनं काढणारा माणूस हवा होता. ते म्हणाले होते, "दिवाळीनंतर लाभपाचमला दुकान उघडेल तेव्हा ये. माझ्यासमोर एक पदर बनवून दाखव."

धनश्रीने शिकवणीचे फुकट व्हिडिओ शोधून काढले. कुठली कोण बाई, तिचं तोंडही दिसत नसे. पडद्यावर एक बाण फिरायचा आणि ती हळू, गोड आवाजात सगळं उलगडून सांगायची. धनश्रीला सगळं समजलं. वाल्मिकला काहीच नाही.

"हाई बाई काय कानमा सांगी राहिनी का?" तो वैतागला. "अन् तो बाण! मच्छरनामायक पयस!" डासासारखा पळणारा तो बाण त्याच्या नजरेत ठरत नव्हता.

प्रमिलाबाई भाजी निवडत होत्या. सुनेला म्हणाल्या, "मंग तूच सांग ना त्याले. बाजारमा हाका मारस तशी सांग."

धनश्रीने पडद्यावरचं सगळं टिपून घेणारं एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. तेही फुकट. त्यात एक गंमत होती, बाणाभोवती पिवळं वलय उमटवता यायचं. मित्रांनो, तो बाण म्हणजे मीच की! असं तेज मी आजवर फक्त देवांच्या फोटोत पाहिलं होतं. दोन दिवस मी पुठ्ठ्यावरसुद्धा जरा मान ताठ करून चाललो.

भिंतीपलीकडे लूम, त्यामुळे रेकॉर्डिंग फक्त लूमच्या सुट्टीला. त्या दिवशी गल्ली गप्प असे. प्रमिलाबाई कुकर चढवत नसत, शिट्टी नको म्हणून डाळ पातेल्यात शिजे. एवढी शांतता केली खरी, पण आमच्या गल्लीत सगळ्यांना लूमच्या वरताण बोलायची सवय. धनश्रीने माईक तोंडाशी धरला आणि कुठे दाबायचं ते, नवऱ्याला हाक मारते तशी, आपल्या बोलीत बोंबलली,

"आयका ना! आठे दाबा! मंग देखा, बाण कोठे जास!"

छपरावरची कबुतरं उडाली ती अजून परतलेली नाहीत.

वाल्मिक मात्र पहिल्यांदा हसला. "हां! आते समजनं!"

लूमवरच्या जेवणाच्या सुट्टीत त्याला फोनवर पाहता यावेत म्हणून तिने ते व्हिडिओ नेटवर चढवले, कोणालाही दिसतील असे. "माले कोणी फुकट शिकाडं, मंग मी कुलूप काबर लावू?" असं तिचं म्हणणं.

मग व्हिडिओखाली शेरे आले. "ताई, ओरडता का? कानठळ्या बसल्या!" धनश्री ओशाळली. पुढच्या सुट्टीला ती हळू आवाजात बोलली. झालं! वाल्मिकने भलत्याच जागी दाबून अख्खा पदर पुसून टाकला आणि डोक्याला हात लावून बसला. लाभपाचम तोंडावर आलेली.

तेवढ्यात सुरतेतल्याच भेस्तानहून कोणी लिहिलं, "वहिनी, पहिलं जोरमा बोलेत ते चांगलं व्हतं. आम्हीबी लूमवाला शेतस."

धनश्रीने ते वाचून दाखवलं तशा प्रमिलाबाई म्हणाल्या, "ज्यास्ले कान शेतस त्या आवाज कमी करतीन. तू काबर करस?"

आणि धनश्री पुन्हा ओरडू लागली.

लाभपाचमला वाल्मिकने मला खिशात घातलं. त्याचा हात माझ्यावर बसला होता ना! पण शेठच्या कॉम्प्युटरवर ते पिवळं वलय नव्हतं. शेठ काहीतरी पुटपुटले, तेही त्याला ऐकू गेलं नाही. बाण शोधत तो मला नुसता गोल गोल फिरवत राहिला. मी म्हटलं, गेलं सगळं. मग त्याने क्षणभर डोळे मिटले आणि सुरू झाला, अगदी व्हिडिओत शिकला तसा,

"आयका ना! आठे दाबा!"

अख्खं ऑफिस वळून पाहू लागलं.

"मंग देखा, बाण कोठे जास!"

बुट्टी उमटली, रंग बदलले, पदर भरत गेला. शेठ कानांवर हात ठेवून हसत होते. "अरे भाई, धीमे बोल, आ ऑफिस छे!" वाल्मिकला तेही ऐकू आलं नाही. शेवटी शेठने रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं आणि त्याची पाठ थोपटली. ते मात्र त्याला बरोबर कळलं.

आता माझं डावं बटण अडकतं. घरात नवा माऊस आला आहे, बिनवायरचा, भारी तोऱ्याचा. तरी लूमच्या सुट्टीला धनश्री मलाच हाती घेते आणि वाल्मिक त्याआधी कोरड्या फडक्याने माझं पोट पुसतो. त्या गोड आवाजाच्या बाईलाही धनश्रीने व्हिडिओखाली आभार लिहिले आहेत.

मित्रांनो, तुमच्या टेबलावरच्या माऊसची धूळ अधूनमधून पुसत जा. कोणी काही फुकट शिकवलं, तर ते पुढे कोणाला तरी त्याच्या बोलीत शिकवा. आणि आभार मानायचे तर जरा मोठ्याने माना. ऐकणारा कदाचित लूमवरचा असेल.