बॅकचं उणं

पाय

तुलना पायांपासूनच सुरू व्हायची. आलापल्लीच्या सागवान डेपोच्या फाटकासमोर देवाजीची चहाटपरी होती. तिथं दोन माणसं बसली आणि त्यातलं एक जरा वयस्क असलं, की विषय निघालाच म्हणून समजा. डेपोच्या हॉकी संघाचा भारी बॅक, म्हणजे मागं राहून हल्ला अडवणारा गडी, कोण? साठ-पासष्टच्या काळातला लहानू, की आत्ताचा, चौऱ्याऐंशीचा इस्तारी?

लहानूचे पाय आखूड. पिंढऱ्या सागाच्या बुंध्यासारख्या. तो धावत नसे. गोलासमोरच्या अर्धगोलाच्या, डीच्या तोंडाशी पाय रोवून उभा राही आणि चेंडू घेऊन येणारा गडी कसा कोण जाणे, बरोबर त्याच्याच अंगावर येई. इस्तारीचे पाय लांब आणि बारीक. घर ढिवराचं, पोरवय तलावात जाळं ओढण्यात गेलेलं. तो समोरच्याला येऊ द्यायचा, मागं मागं सरकायचा, आता हा गेला असं सगळ्यांना वाटू द्यायचा. मग गडी पुढं निघून जाई आणि चेंडू इस्तारीकडं राही.

दोघांनी जन्मात एक गोल केला नव्हता. दोघांनाही त्याची हौस नव्हती.

"लहान्या, तू तं मुरमात गाडलेला खुटा होतास," देवाजी म्हणायचा. तो त्याच संघाचा जुना गोलकीपर.

"अन् माह्या मांगं तू होतास, म्हणून मले खुटा व्हावं लागलं," लहानू म्हणायचा. आता तो डेपोचा चौकीदार होता. बाकावर एक पाय लांब करून बसायचा, कारण उजवा गुडघा वाकत नव्हता. भांडण रंगात आलं की त्यालाच विचारलं जायचं, आणि तो बशीतला चहा संपवून उठून जायचा. जाताना खूश असायचा. वीसेक वर्षांपूर्वी मैदान सोडलेल्या माणसाचं नाव रोज कुणाच्या तरी नावाशी जोडून घेतलं जातं, ही काही लहान गोष्ट नाही.

स्टिक

लहानूची स्टिक धामणाच्या लाकडाची, गावच्या सुतारानं वाकवलेली, नांगराच्या रुमण्याएवढी जड. तेव्हा खेळ बुलीनं सुरू व्हायचा. दोघं समोरासमोर उभे राहून स्टिकवर स्टिक आपटायचे, तो आवाज बाजारापर्यंत जायचा. इस्तारीची स्टिक नागपूरहून आणलेली, आखूड तोंडाची, मनगटात उलटी फिरणारी. आणि बुली तर आता...

पण नाही. तुलना इथं थांबवावी लागते. या संघाची एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

रीत

गोल करणाऱ्याला खांद्यावर घ्या, त्याच्या नावानं ओरडा, हरकत नाही. बॅकची तारीफ करायची नाही. जोवर तो खेळतो आहे तोवर नाही. तारीफ केलेल्या बॅकचा पाय जड होतो, त्याला नजर लागते, असं पहिल्या संघापासून धरलेलं. म्हणून जुन्या बॅकनं नव्या बॅकचं उणं काढायचं. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. बॅक साधारण असेल तर "बरा हाय" म्हणून सोडून द्यायचं. पण खरोखरीचा असेल तर त्याचं कोपर, त्याची टाच, त्याचा श्वास, एकेक उणं असं बारकाईनं काढायचं की ऐकणाऱ्याला कळावं, या माणसानं त्याच्यावरून नजर हलवली नाही. जितकं उणं लांब तितका मान मोठा.

आणि ज्या दिवशी बॅक कायमची स्टिक ठेवतो, त्या दिवशी त्याला त्याचं सगळं चांगलं सांगायचं. एकदाच.

चंद्रपूरच्या सामन्यात लहानूचा गुडघा फुटला, त्या दिवशी परतीच्या ट्रकमध्ये देवाजी आलापल्लीपर्यंत बोलत आला होता. कुठला फटका कुणाचा, कसा अडवला. गुडघ्यासाठी न रडलेला लहानू तेव्हा रडला. आपलं खेळणं संपलं हे डॉक्टरच्या आधी देवाजीनं सांगितलं होतं.

जागा

डेपोत एक कायम जागा निघाली. नवे साहेब नाशिककडचे, तरुण, खेळाची आवड असलेले. त्यांनी जाहीर केलं, माणूस खेळाडू घेऊ. नावं दोनच उरली. एक इस्तारी. दुसरा संघाचा सेंटर फॉरवर्ड, बल्लारशाहून आलेला, मनसाराम नावाचा, दर सामन्याला गोल करणारा.

इस्तारी डेपोत रोजीवर लाकडं उचलायचा. गावचा तलाव त्या साली बाहेरच्या ठेकेदाराकडे गेला होता, त्यामुळे जाळं घरी टांगलेलं. त्याची बायको प्रेमिला पोटुशी होती.

"भाऊ, हे जागा नाई भेटली तं आंध्रात मिरच्या तोडाले जा लागते," तो लहानूला म्हणाला होता. "प्रेमिलाले घेऊनच."

"भेटते ना बे," लहानू म्हणाला होता. "मले नाई भेटली का हॉकीवर? तवाच्या साहेबानं मैदानावरूनच वर्दी देल्ली."

साहेब बघणार म्हणून सामना ठेवला, बल्लारशाच्या संघाशी. इस्तारी त्या दिवशी असा खेळला की लहानूला आपला बाक सोडून उभं राहावं लागलं. समोरच्या संघाला डीमध्ये पाय ठेवता आला नाही. पण साहेबांना त्यात बघण्यासारखं काय दिसणार? त्या बाजूला काही घडतच नव्हतं. घडत होतं ते दुसऱ्या टोकाला. मनसारामनं दोन गोल ठोकले.

खेळ संपल्यावर साहेबांनी लहानूला बोलावलं. लोक भोवती जमले. इस्तारी घामानं निथळत जवळच उभा.

"तुम्ही याच जागेवर खेळलात. इथं सगळे तुमचंच नाव घेतात," साहेब म्हणाले. "मला बॅकच्या खेळातलं फारसं कळत नाही. तुम्ही सांगा. हा मुलगा तुमच्या तोडीचा आहे का?"

देवाजी पुढं सरकला. लहानूची छाती भरून आली आणि तो बोलू लागला.

डावा पाय उशिरा फिरते साहेब.
कोपर अंगापासून दूर ठेवते, उन्हात तं जास्तच.
चेंडू येण्याआधी जिभीनं ओठ पुसते, समोरच्याले कळते का आता हा झपाटणार.
पहिल्या टॅकलले श्वास धरते. धरू नये.
टाच उचलते.
उजवीकडच्या गड्यावर भरोसा ठेवते. बॅकनं कोणावर भरोसा ठेवू नये.
अन् गडी गेल्यावर त्याच्याकडं पाह्यते, चेंडूकडं नाई.

लोकांच्या चेहऱ्यांवर हसू फुटत होतं. एवढं उणं आलापल्लीच्या मैदानावर कुणाचं निघालं नव्हतं, खुद्द लहानूचंही नाही. देवाजीनं डोळे पुसले. इस्तारी मान खाली घालून उभा होता, कान लाल झालेले.

"स्पष्ट बोललात," साहेब म्हणाले. "असं बोलायला धैर्य लागतं."

जागा, पुन्हा

मनसारामला घेतलं. लहानू वर्दी घालून साहेबांपुढं जाऊन उभा राहिला.

"साहेब, इस्तारीसारखा बॅक म्या पाह्यला नाई."

साहेबांनी मान वर केली. "त्या दिवशी तर वेगळं सांगितलंत."

"आमच्या इथी बॅकचं उणंच काढते साहेब. मोठा बॅक असला का जास्त काढते."

"म्हणजे ते खोटं होतं?"

"नाई साहेब. डावा पाय उशिराच फिरते."

"मग?"

लहानूनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. रीत, नजर, देवाजी, ट्रक. तो जितकं बोलत गेला तितका साहेबांचा चेहरा मऊ होत गेला.

"लहानू, गावात राहायचंय तुम्हाला. लोक बोलले असतील, मी समजू शकतो," साहेब म्हणाले. "पण हुकूम निघाला. आणि तो मी तुमच्या शब्दावर काढला. बाकी कुणाला मी विचारलंही नव्हतं."

माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर लहानूला त्याला शिव्या देता आल्या असत्या.

घरी त्याची बायको बायनाबाई तांदूळ निवडत होती. त्यानं सगळं सांगितलं. तिनं हात थांबवला नाही.

"तुमाले मालूम नव्हतं का, साहेब बाहेरगावचा हाय म्हणून?"

"होतं."

"मंग?"

पुन्हा मग.

तोडीचा

यापुढं तुलना लहानू एकटाच करत राहिला. सागाच्या थप्प्यांमधून गस्त घालताना, नळावर, जेवताना. पाय, स्टिक, सगळं सोडून आता एकच मुद्दा उरला होता, आणि तो खेळातला नव्हता.

साहेबानं विचारलं तेव्हा छाती भरून आली, ती कशानं?

एक: पोराला मान द्यायचा होता.

दोन: हा मुलगा तुमच्या तोडीचा आहे का, असं एवढ्या लोकांसमोर विचारलं गेलं, म्हणून.

तो पहिलं उत्तर धरायचा आणि थोडं चालायचा. मग आठवायचं, साहेबाला रीत माहीत नाही हे त्याला बोलताना ठाऊक होतं. तिसऱ्या की चौथ्या उण्याला त्यानं साहेबाच्या तोंडाकडं पाहिलंही होतं. तिथं थांबता आलं असतं. तो थांबला नाही, कारण फार सुरेख जमत होतं. मग दुसरं उत्तर धरायचा. पण तेही पुरतं खरं वाटत नसे. पोरावर त्याचा जीव होता, हेही खरंच होतं.

तोलायला दुसरा कुणी नव्हता. देवाजीला विचारावं तर देवाजी म्हणायचा, "काय उणं काढलं बे त्या दिवशी! मी तं मरेपर्यंत विसरणार नाई." आणि चहाचे पैसे घ्यायचा नाही.

मिरची

मिरचीच्या ठेकेदाराचा ट्रक सिरोंच्याच्या रस्त्यावर, वळणाशी उभा होता. बोचकी, भांडी, लेकरं वर चढत होती. प्रेमिला पुढं बसायला जागा मिळते का ते बघत होती. लहानू पाय ओढत आला तसा इस्तारी खाली उतरला आणि त्याच्या पाया पडला.

"शिव्या दे मले," लहानू म्हणाला.

"काऊन भाऊ?" इस्तारीला खरंच कळलं नाही. "साहेबाले समजलं नाई, त्यात तुमचं काय? तुमी माहं येवढं उणं काढलं. माह्या खानदानात कोणाले येवढा मान भेटला नाई. तिकडं मिरच्या तोडता तोडता आठवत राहीन." तो हसला. "चैतात येतो ना मी. चंद्रपूरच्या सामन्याले. मनसारामनं कितीबी गोल करू दे, मांगं तं मीच पाह्यजे."

तो मनापासून बोलत होता. त्याच्यात राग नव्हता, आणि लहानूला तेच सहन झालं नाही. एकदा तरी, कुणासमोर तरी, खरं सरळ बोलून टाकावं असं त्याला वाटलं. नेमकं त्याच क्षणी वाटलं.

"माह्याहून भारी हायस तू," तो म्हणाला. "तुलनाच नाई. माह्या अंगावर गडी येत होते, कारण मले जागा सोडता येत नव्हती. तू जागा सोडतोस अन् तरी जाऊ देत नाईस. असा बॅक इथी झाला नाई. त्या दिवशी बल्लारशाच्या लेफ्ट-इनले तू तीनदा..."

तो बोलत गेला. एकेक फटका, एकेक टॅकल. प्रेमिला आरमोरीकडची, तिला इथल्या मैदानाच्या रीती माहीत नव्हत्या. नवऱ्याची एवढी तारीफ ऐकून ती पदराआड हसली.

इस्तारीचं हसू मात्र केव्हाच गेलं होतं.

"भाऊ," तो हळूच म्हणाला. "आत्ताच काऊन सांगून राह्यले हे?"

लहानूनं उभ्या ट्रककडं पाहिलं.

"मी येणार हाओ ना चैतात." इस्तारीनं त्याचं मनगट धरलं. "भाऊ. काढा ना काई. एखादं तरी काढा."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. वरून कुणीतरी ओरडलं, चढा लवकर. लहानूनं इस्तारीकडं पाहिलं. टाचेपासून वर, गुडघे, मनगटं, खांदे, ओठ. घाईघाईनं, पुन्हा खालपासून वर. समोर एक उंच, बारीक माणूस उभा होता, ज्याच्यात त्याला काहीच उणं सापडेना.