अडतीस कमरेची पँट

टेलरबाईंनी बेतलेली नवी पँट थेट घोट्यापर्यंत घसरली. दुकानाचं शटर अजून खाली होतं, म्हणून अब्रू वाचली!

फिरायला जाण्यासाठी त्यांनी ती स्वतःकरता शिवली होती. जगाची मापं घेणारी बाई स्वतःचं माप कधी घेते का? कंबर अडतीस, हे तोंडपाठ. त्याच हिशेबानं कापली आणि ही गत.

"हात बिघडला माझा," म्हणत त्यांनी टेप लावला. छत्तीस! छे, जुना टेप वापरून वापरून ताणला जातो आणि माप कमी दाखवतो, हे धंद्यात कोणाला ठाऊक नाही? त्यांनी पाकीट फोडून कोरा टेप काढला. पुन्हा छत्तीस!

म्हणजे कंबरच दोन इंच उतरली होती! तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "साखर काठावर आहे. पोट कमी करा." साखर म्हटलं की बाईंना आई आठवायची. तीही शिवायची. साखरेनं तिचे डोळे नेले, आणि मग मशीनही गेलं. त्या धास्तीनं बाई रोज सकाळी चालत होत्या, कापडाची थानं स्वतः उचलत होत्या, गोडाला हात लावत नव्हत्या.

पण नवरा पडला गोदामातला काटेवाला. दर रविवारी पोत्यांच्या रांगेत बायकोला काट्यावर उभी करायचा. "अठ्ठ्याहत्तर. जैसे थे! काटा खोटं बोलत नाही हो. मी बघ, वर्षानुवर्षं सत्तर." ऐकून ऐकून बाईंनी हाय खाल्ली होती. आज रक्ताचा रिपोर्ट मिळायचा होता आणि जायचंच नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

आता मात्र त्यांनी फोन लावला. "अहो, गोदाम राहू द्या. दवाखान्यात चला, आत्ताच!"

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला आणि त्या हसल्याच. "साखर उतरली. छान खाली आली."

बाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. नवरा आपला हेका सोडेना. "पण वजन तर हललं नाही!"

"पोटावरची चरबी गेली, हातापायांचे स्नायू भरले. काट्याला दोन्ही सारखंच. किती ते त्याला कळतं, कुठे आणि कसलं ते कळत नाही." बोलता बोलता त्यांची नजर नवऱ्याच्या शर्टाच्या ताणलेल्या बटणावर गेली. "धोका पोटाच्या घेरात असतो. वजन बरोबर असलं तरी."

दुकानात परतल्यावर बाईंनी बारीकातली बारीक सुई घेतली. पहिल्या फटक्यात दोरा ओवला गेला. आनंदानं त्यांना नाचावंसं वाटत होतं. तेवढ्यात नवरा समोर हात वर करून उभा राहिला.

"घे. माझंही घे माप."

"आधी श्वास सोडा. पोट आत ओढून कोणाला फसवताय?"

त्यानं श्वास सोडला. बाईंनी टेप फिरवला, आकडा पाहिला आणि त्या खो खो हसत सुटल्या. हसू ओसरल्यावर मात्र त्यांनी त्याचा हात घट्ट धरला आणि ती नवी पँट त्यात ठेवली.

"तंतोतंत अडतीस. उद्या सकाळी हीच घालून चला माझ्याबरोबर. मला दोघांचेही डोळे हवेत."